१५ वॅटचा ट्यूब अँप तालमीत फाटतो, स्वच्छ आवाज कसा काढू?

सुटेस्वर_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, अंबडला कारखान्यात पाळीत काम करतो, उरलेल्या वेळात गिटार. मार्चमध्ये सेकंडहँड ट्यूब कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) घेतला: १५ वॅट, शेवटी ताकद देणाऱ्या दोन ईएल८४ ट्यूब, त्याआधी सिग्नल वाढवणाऱ्या तीन १२एएक्स७ ट्यूब, १२ इंची स्पीकर. त्यासाठी चार वर्षं पैसे साठवले होते. रात्री हळू वाजवताना त्याचा आवाज ऐकून अजून अंगावर काटा येतो.

अडचण तालमीत आहे. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत आमची दिवाळी पहाट ठरलीय. गायिका, पेटी, तबला आणि मी. भावगीताच्या मागे मला सुटे स्वर सोडायचेत, एकेक तार वेगळी कळावी असे. पण तबला सुरू झाला की मी ऐकू येत नाही, आणि आवाज वाढवला की कॉर्ड फाटते. खालच्या दोन जाड तारा तर फारच. परवा गायिका ताई म्हणाल्या, "छान वाजवतोस रे, पण मागे कोणी कागद चुरगाळतंय असं वाटतं." दोन दिवस तेच डोक्यात आहे.

गिटारला हंबकर (तारांचा कंप टिपणारे दुहेरी कॉइलचे पिकअप) आहेत. सध्या व्हॉल्यूम ९, मास्टर ३, बास ८, मिडल ४, ट्रेबल ६. संध्याकाळी हॉलच्या सॉकेटला मीटर लावला तर २०८ व्होल्ट. त्यानं होत असेल का? की सरळ ३० वॅटचा अँप घेऊ? आत्ता पैसे नाहीत, पण काहीतरी सोय करेन.

कॉलेजरोड_टेली

दादा, अँप घेऊ नकोस. १५ चे ३० वॅट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बसारखा ८५ वॅटचा अँप घेतलास तर स्वच्छ वाजेल हे खरं, पण ते ३० किलोच्या आसपासचं धूड तालमीला कोण उचलणार?

त्यापेक्षा स्पीकर एका वॅटला किती डेसिबल आवाज देतो, तो आकडा बघ. तुझा ९७ डेसिबलचा असेल आणि तू १०० चा बसवलास, तर तेही वॅट दुप्पट केल्यासारखंच. नव्या स्पीकरचे ओहम (रोध) मात्र जुन्याएवढेच हवेत.

जुना_रेडिओवाला

मी १९७० च्या दशकात व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्यूबचेच, रेडिओ दुरुस्त करायचो. तेव्हा कितीतरी सेटमध्ये हाच ईएल८४ शेवटी बसवलेला असायचा, एकटाच, आणि चार-पाच वॅटमध्ये सगळ्या वाड्याला बातम्या ऐकू यायच्या. त्यामुळे १५ वॅट कमी आहेत असं मी म्हणणार नाही.

तुमचं सेटिंग उलटं आहे. व्हॉल्यूमचं बटण सुरुवातीच्या ट्यूबजवळ बसतं आणि मास्टर त्यानंतर. व्हॉल्यूम ९ वर ठेवलात की आवाज मास्टरच्या आधीच फाटतो, आणि तो फाटलेला आवाज तुम्ही मास्टरनं बारीक करता. मास्टर पूर्ण उघडा. व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू वर आणा आणि जाड तार जोरात छेडून बघा. खरखर सुरू होईल त्याच्या थोडं अलीकडे थांबा.

दुसरं बास. अँपची सर्वात जास्त ताकद खालचे स्वर खातात, आणि तुमच्या बैठकीत ती जागा डग्ग्यानं आधीच घेतलेली आहे. तिथे गिटारनं भांडून उपयोग नाही. बास ३ वर आणा, मिडल ७ पर्यंत चढवा. घरी एकटं वाजवताना हा आवाज तुम्हाला नाकातला वाटेल. वाटू द्या, तबल्याच्या जोडीला तोच स्वर उठून येतो. माझ्या मते स्वच्छ आवाजाचं अर्धं काम बासच्या बटणातच आहे, आणि लोक तेच सोडून ट्यूब बदलत बसतात.

पिकअप जाड तारांच्या बाजूनं दोन मिलिमीटर खाली करा, स्क्रू असतोच. अँप जमिनीवर असेल तर खुर्चीवर ठेवा. गिटारचा स्पीकर टॉर्चसारखा सरळ रेषेत फेकतो. आत्ता तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकवतोय, म्हणून तुम्ही वाढवत सुटता.

व्होल्टेजचं म्हणाल तर २०८ म्हणजे २३० च्या ९० टक्के. ताकद वर्गाच्या हिशेबानं घटते, म्हणजे साधारण ८२ टक्के उरते. तो फरक एक डेसिबलसुद्धा नाही. गुन्हेगार तो नव्हे.

एवढं करूनही फाटला तर सर्वात पहिल्या सॉकेटमध्ये १२एएक्स७ ऐवजी १२एवाय७ लावा. पहिल्याचा गुणक (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) १०० आणि दुसऱ्याचा ४५ च्या आसपास, पाय तेच. अँप बंद करून, ट्यूब पूर्ण गार झाल्यावरच हात लावा. चासी (आतली धातूची पेटी) मात्र उघडू नका. आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. माझ्या ओळखीचा एक कारागीर त्या धक्क्यानं टेबलावरून मागे फेकला गेला होता.

सुटेस्वर_इंदिरानगर

काका, रविवारी तालीम झाली. मास्टर पूर्ण, व्हॉल्यूम ४, बास ३, मिडल ७, अँप प्लास्टिकच्या खुर्चीवर. पहिली पाच मिनिटं मला तो आवाज अजिबात आवडला नाही, पातळ वाटला. मग तबला आला आणि प्रत्येक तार कळायला लागली. पेटीवाल्या काकांनी दुसऱ्या कडव्यात आपणहून पेटी थांबवून मला जागा दिली. असं आमच्यात आधी कधी झालं नव्हतं.

शेवटच्या जलद गाण्यात अजून थोडा फाटतो. तिथे गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणला की फाटणं थांबतं, पण आवाज कांबळं पांघरल्यासारखा होतो. १२एवाय७ मागवू का?

जुना_रेडिओवाला

नको, थांबा. बटण कमी केलं की पॉटचा (बटणाखालच्या बदलत्या रोधाचा) रोध आणि केबलची कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण) मिळून ट्रेबल गिळतात, म्हणून ते कांबळं. १००० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर आणा. व्हॉल्यूम पॉटला पिकअपची तार जिथे येते आणि जिथून पुढे जाते, त्या दोन टोकांत सोल्डर करा. ट्रेबल त्यातून वळसा घालून जाईल. गिटारमध्ये धक्का बसण्याजोगा व्होल्टेज नसतो, केबल काढून ठेवा आणि हे काम स्वतःच करा.