मदत हवी आहे: ‘थर्ड इस्टेट’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

लालबागच्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी यूपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांना मराठीतून जगाचा इतिहास शिकवतो. सध्या फ्रेंच राज्यक्रांती चालू आहे आणि मी एका शब्दापाशी अडलोय: इस्टेट.

गेल्या रविवारी फळ्यावर फर्स्ट, सेकंड, थर्ड इस्टेट असं लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. तो दिवसभर लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, छपाईच्या गाळ्यात काम करतो आणि तिथून थेट अभ्यासिकेत येतो. म्हणाला, “सर, ही थर्ड इस्टेट कोणाच्या मालकीची होती?” कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

त्याचं काय चुकलं? मुंबईत इस्टेट म्हटलं की नाक्यावरचा इस्टेट एजंट आठवतो, नाहीतर गाळ्यांची इमारत, नाहीतर भावाभावांत वाटणीवरून वाद होतो ती वडिलोपार्जित इस्टेट. लोकलच्या दारात अडून उभ्या राहिलेल्याला “बापाची इस्टेट आहे का?” असं विचारतात तेव्हासुद्धा मनात जागाच असते. फ्रान्समधल्या या तीन इस्टेटी मात्र माणसांच्या होत्या. पहिलीत धर्मगुरू, दुसरीत सरदार-उमराव आणि तिसरीत उरलेले सगळे, म्हणजे जवळजवळ ९७-९८ टक्के लोक. व्हर्सायला ५ मे १७८९ रोजी या तिघांची सभा भरली. त्याआधीची सभा १६१४ सालची! मत माणसागणिक मोजायचं की इस्टेटीगणिक, यावर सगळं अडलं. इस्टेटीला एक मत धरलं तर पहिल्या दोघी मिळून तिसरीला कायम हरवणार. शेवटी १७ जूनला तिसरीच्या प्रतिनिधींनी आपणच राष्ट्रीय सभा आहोत असं जाहीर केलं. हा क्षण मुलांच्या काळजाला भिडायला हवा, आणि तिथेच शब्द आडवा येतोय.

मी काय काय करून पाहिलं ते सांगतो.

‘वर्ग’ लिहिलं तर मुलं श्रीमंत-गरीब असा अर्थ घेतात. पण तिसऱ्या इस्टेटीत गडगंज व्यापारी होते, वकील होते आणि भूमिहीन शेतमजूरही होते. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट पैसा नव्हती, कायद्यानं ठरलेली जागा होती. ‘दर्जा’ घेतला तर ‘तिसऱ्या दर्जाचा’ ही सरळ शिवीच होते. ‘स्तंभ’ तर नकोच. पत्रकारितेला आपण चौथा स्तंभ म्हणतो ते मूळचं फोर्थ इस्टेट, पण आपले पहिले तीन स्तंभ विधिमंडळ, प्रशासन आणि न्यायव्यवस्था. एका मुलीनं सराव-उत्तरात फ्रान्सच्या पहिल्या तीन इस्टेटी म्हणून हेच तिघं लिहिले होते.

शब्दाच्या मुळाशी गेलो तेव्हा मात्र फार आनंद झाला. लॅटिनमध्ये ‘स्टेटस’ म्हणजे उभं असणं, स्थिती. जुन्या फ्रेंचांना सुरुवातीचा ‘स्ट’ जड जायचा म्हणून त्यांनी पुढे ‘ए’ लावला. माझी आजी ‘इस्टेशन’ म्हणायची, अगदी तसंच. स्टेट, स्टेटस, इस्टेट ही तिन्ही भावंडंच. आणि ते मूळ आपल्या ‘स्था’ धातूचं सख्खं नातलग आहे. त्याच ‘स्था’पासून आपल्याकडे ‘स्थावर’ झालं आणि त्यातूनच ‘प्रतिष्ठा’ही! म्हणजे मालमत्ता आणि मान हे दोन्ही अर्थ आपल्याकडेही एकाच मुळातून आले, फक्त शब्द दोन झाले.

एकाच शब्दात दोन्ही सांगणारं जुन्या मराठीत काही आहे का? मला ‘वतन’ सुचतंय. पाटलाचं वतन म्हणजे जमीनही आली, हक्कही आला, गावातला मानही आला. चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. रविवारच्या आत टिपणं छापायला द्यायची आहेत.

प्रतिसाद – परळकर

वतन नको, सर. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनात मान होता, पण महार वतनही वतनच होतं. तुटपुंजी जमीन आणि त्यापायी रात्रंदिवस गावाची चाकरी. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये. माझ्या पणजोबांनी ते वतन भोगलंय, ‘भोगलंय’च म्हणतो. तुमच्या वर्गात अशा घरांतली मुलं नक्की असतील. त्यांना वतन म्हणजे मान असं शिकवू नका.

प्रतिसाद – जुनी_मोडी

‘मिरास’ पाहा. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेनं जमिनीचा हक्कदार, त्यामुळे गावात त्याचा शब्द चालायचा. बाहेरून येऊन जमीन कसणारा तो ‘उपरी’. आपला ‘उपरा’ त्याच्याच घरातला. जमिनीवरून माणसाची किंमत ठरते ती अशी. पण फ्रान्समधला धर्मगुरू मिरासदार नव्हता, तेव्हा हाही शब्द पुरता बसणार नाही. बोलताना ‘पायरी’ का म्हणत नाही? “आपली पायरी ओळखून राहा” हे वाक्य मुलांनी ऐकलेलं असतंच.

धागाकर्ता

परळकर, मनापासून आभार. वतन खोडलं. माझ्या वर्गात तशा घरांतली मुलं आहेत, हे मला आधी सुचायला हवं होतं. तुमची हरकत नसेल तर १९२८ च्या विधेयकाची गोष्ट ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्रीसोबत सांगेन. त्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत सरदारांचे विशेषाधिकार रद्द करायचं ठरलं होतं.

जुनी_मोडी, ‘पायरी’ काल संध्याकाळीच त्या छपाईवाल्या मुलाला सांगून पाहिली. क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे तिसऱ्या पायरीवरचे लोक म्हणाले, जिनाच आमचा.” टिपणात ‘थर्ड इस्टेट’ असंच ठेवतोय, परीक्षेत तेच ओळखलं जाईल. फळ्यावर मात्र पायरी.

एक शंका अजून उरलीच. मृत्युपत्राच्या कागदांत मयताची ‘इस्टेट’ येते, त्यात देणीसुद्धा धरतात. जुन्या दस्तांत ‘स्थावर-जंगम जिंदगी’ वाचल्याचं आठवतं. तिथे ‘जिंदगी’ चालेल का? कोर्टाच्या कामातलं कोणी इथे असेल तर सांगा.