मिगचा जुना मीटर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मामा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. परवा माळा आवरताना त्यांनी एक गोल मीटर माझ्या हातात ठेवला. कधीतरी भंगारात किलोवर घेतला होता म्हणे! काळी तबकडी, रशियन अक्षरं, काट्यांवर मळकट पिवळा रंग. काच एका बाजूने तडकलीय.

मामा म्हणतात, मिग-२१ चाच. ओझरला आधी टाइप ७७ म्हणजे एफएल, मग एम आणि शेवटी बिस बनलं. मागे कोरलेल्या क्रमांकावरून यातलं कुठलं ते कळतं का?

खरी काळजी त्या पिवळ्या रंगाची. अंधारात दिसावं म्हणून जुन्या सोव्हिएत तबकड्यांना रेडियम (खरं, किरणोत्सर्गी; स्टिकरवालं नव्हे) लावत. आता तो चमकत नाही, पण त्यावर विसंबू नये. थकतं ते त्यात मिसळलेलं, प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड; रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षांचं. चिरंजीव ब्रासो घेऊन घासायलाच बसले होते, हातातून हिसकावला. तूर्त झिपच्या पिशवीत घालून गच्चीतल्या कपाटात ठेवलाय.

नाशकात कोणाकडे गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) आहे का? आणि तोवर तडकलेल्या काचेचं काय करू? वरून चिकटपट्टी लावली तर चालेल?