लोकसंख्यावाढ आणि पर्यावरण: सातवीला दोन तासिकांत कसं शिकवावं?

खडूफळा
४० मुलं, ३५ मिनिटांच्या दोन तासिका. पुस्तकातला आलेख मुलं वहीत उतरवतात, पण वाढीचा वेग काही जाणवत नाही. दाणे दुप्पट करत जायचा खेळ घ्यावा का? आणि तिथून पर्यावरणाकडे कसं वळायचं?

आकडेमोड
तो खेळ नकोच. एका दाण्यापासून सुरुवात केली की अकराव्या फेरीला १०२४ दाणे. मुलं थक्क होतात, पण लोकसंख्या कायम अशीच दुप्पट होत जाणार, हे डोक्यात पक्कं बसतं.

त्यापेक्षा सव्वादोन मीटर सुतळी ताणून बांधा. १ सेंमी म्हणजे १ वर्ष. जगात दर १०० कोटींची भर पडली तिथे कपड्यांचा एक चिमटा: १८०४ (हे साल अंदाजाचंच), १९२७, १९६०, १९७४, १९८७, १९९९, २०११, २०२२. गाठी मारू नका, सुतळी आखडते आणि मापं चुकतात. पहिलं अंतर १२३ सेंमी, पुढची ३३, १४, १३, १२, १२, ११.

मग विचारा, शेवटची अंतरं जवळपास सारखीच का? १९६०च्या दशकात वाढीचा दर वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास होता, आता १ टक्क्याच्या खाली आहे. फळ्यावर मांडा: ३०० कोटींचे २ टक्के ६ कोटी, ८०० कोटींचे ०.९ टक्के ७.२ कोटी. दर उतरला, भर नाही. मुलं (आणि बरेच मोठेही) घसरतात ते इथेच.

पाणवठा
पर्यावरणासाठी दुसरी तासिका. दोन वाट्या, प्रत्येकीत ४० दाणे, म्हणजे विहिरीचं पाणी. पहिल्या वाटीभोवती ८ मुलं, फेरीला प्रत्येकी २ दाणे घेणार. दुसरीभोवती ४ मुलं, प्रत्येकी ५. फेरी संपली की दोन्ही वाट्यांत १२-१२ दाणे टाका, हा पाऊस. दुसरी वाटी चौथ्या फेरीतच अपुरी पडते, पहिली आठव्या. माणसं निम्मी, तरी विहीर आधी आटली! डोकी आणि दरडोई वापर यांचा गुणाकार इथे आपोआप समजतो. पावसाचे दाणे विसरलात तर मात्र ती विहीर न राहता कोळशाची खाण होते.

बाकीची मुलं फेरीगणिक उरलेले दाणे फळ्यावर लिहितील.

आकडेमोड
एक राहिलं. ‘तुम्ही भावंडं किती?’ हा प्रश्न वर्गात नको. चारपाच भावंडांतलं मूल मान खाली घालतं आणि तासिका तिथेच बिघडते.

खडूफळा
दोनच मुलं झाली तर वाढ लगेच थांबेल का, असं कुणी विचारलं तर?

पाणवठा
नाही. आधी जन्मलेली मोठी पिढी अजून आईबाप व्हायच्या वयात यायची असते. त्यामुळे घरटी मुलं कमी झाली तरी एकूण जन्म काही दशकं मृत्यूंपेक्षा जास्तच राहतात.