मदत हवी आहे: बाबांच्या खाटेजवळच्या मशीनला झिणझिण्या येतात, अर्थिंगचं काय करू?

नमस्कार मंडळी,

बाबा डायलिसिसवर आहेत, मानेजवळ परमकॅथ (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आहे. न्यूमोनिया होऊन गेल्यापासून घरी ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर, कफ ओढायचं सक्शन मशीन आणि ईसीजीचा मॉनिटर आणलाय, तिन्ही भाड्याने आणि तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. घर सांगलीत, वायरिंग आजोबांच्या काळातलं.

सक्शनच्या पत्र्यावरून बोटांची मागची बाजू फिरवली की झिणझिणतं. मशीन खाटेला टेकलेलं असेल तर लोखंडी कठड्यालाही तेच. ईसीजीची रेघ जाड, केसाळ दिसते. मशीनवाला म्हणतो, मशीन ओके आहे, घराचं बघा. वायरमन म्हणतो, "अर्थ कमी येतोय, सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मारून देतो, काम होईल."

मल्टिमीटर लावला: फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ १२०, न्यूट्रल-अर्थ १११ व्होल्ट.

लूप मारू द्यावा का? १११ व्होल्ट असूनही नुसत्या झिणझिण्याच कशा? आणि परमकॅथमुळे काही वेगळा धोका आहे का? डायलिसिसवाल्या सिस्टरना विचारलं तर त्या हसल्या.

फ्यूज_उडाला: लूप अजिबात मारू देऊ नका! उद्या न्यूट्रल कुठे सुटला तर अख्खा फेज मशीनमधून फिरून पत्र्यावर येईल, आणि तिथून खाटेवर. हे जुगाड गावोगाव चालतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

बायोमेड_दादा: तुमच्या आकड्यांची बेरीज बघा: १२० आणि १११ मिळून बरोबर २३१. म्हणजे अर्थची पिन जमिनीला जोडलेलीच नाही, लोंबकळतेय. मशीनच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात, त्यामुळे सुटलेल्या अर्थवर निम्मं व्होल्टेज दिसतं. त्यातून करंट मात्र फार थोडा निघतो, म्हणून झटका बसत नाही, झिणझिणतं. बोर्ड एकच असल्याने एका मशीनची गळती, म्हणजे बॉडीवर निसटणारा करंट, बाकीच्यांच्या पत्र्यावरही जाते. केसाळ रेघ म्हणजे बहुतेक घरच्या विजेच्या ५० हर्ट्झची घुसखोरी, दुखणं तेच.

आता परमकॅथ. त्याचं टोक थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापाशी असतं. त्वचेवरून गेला तर जाणवणारही नाही एवढा करंट तिथे घातक ठरू शकतो. म्हणून आयईसी ६०६०१ या वैद्यकीय मशीनच्या सुरक्षा मानकामध्ये हृदयाशी थेट जोडायच्या भागांना, म्हणजे सीएफ प्रकाराला, नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एखादा दोष आला तरी ५० एवढीच गळती चालते. बीएफला, म्हणजे शरीराला लागणाऱ्या पण हृदयाशी थेट न जोडायच्या भागांना, हेच आकडे १०० आणि ५०० आहेत. मशीनच्या लेबलवर चित्र असतं: चौकटीत हृदय म्हणजे सीएफ, चौकटीत माणूस म्हणजे बीएफ, चौकटीशिवाय माणूस म्हणजे बी, सगळ्यात साधा प्रकार.

कॅथेटरची टोपी बंद आहे, ड्रेसिंग कोरडं आहे, तोवर घाबरू नका. जपायचं ते हे, की एक हात कठड्यावर किंवा मशीनवर आणि दुसरा कॅथेटरच्या उघड्या टोकावर, असं कुणीही करायचं नाही. सिस्टर हसल्या तरी हे सांगाच.

मीनल_ताई: आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला की झालं ना? आमच्याकडे ३० मिलिअँपिअरचा आहे.

बायोमेड_दादा: ताई, बसवावाच. पण अर्थ तुटलेला असेल तर गळतीला वाटच नसते, कुणाचा तरी हात लागल्यावरच तो स्विच ट्रिप होणार. आणि ३० मिलिअँपिअर म्हणजे त्या १० मायक्रोच्या तीन हजार पट. त्या धोक्याला तो उपयोगाचा नाही.

धागाकर्ती: लेबलं पाहिली. मॉनिटरवर हृदय आहे, सक्शनवर नुसता माणूस, कॉन्सन्ट्रेटरवर चौकटीत चौकट. सक्शन मशीन खाटेपासून हातभर सरकवलं, कठड्याच्या झिणझिण्या थांबल्या. नवा अर्थचा खड्डा परवा घेणार. तोवर नळाच्या पाइपला वायर बांधली तर?

फ्यूज_उडाला: नको. पाइप मध्येच कुठेतरी पीव्हीसीचा झालेला असतो, मग मोरीतल्या नळालाही करंट यायचा. चौकटीत चौकट म्हणजे डबल इन्सुलेशन, कॉन्सन्ट्रेटर अर्थशिवाय चालेल. मॉनिटर बॅटरीवर चालवा, चार्ज करताना बाबांच्या अंगावरच्या लीड्स (वायरी) काढा. सक्शन वापरून झालं की प्लग उपटून ठेवा, किंवा मशीनवालाच बॅटरीचं देतो का विचारा. खड्डा झाला की तेच तीन आकडे परत मोजून इथे टाका. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं.