मदत हवी आहे: जुन्या निगेटिव्हचे स्कॅन वेबसाठी कसे तयार करावेत?

नमस्कार मंडळी. बाबांनी ऐंशीच्या दशकात लालबाग-परळच्या गिरण्या आणि चाळी कृष्णधवल ३५ मिमी फिल्मवर टिपल्या होत्या. त्या निगेटिव्ह ३२०० डीपीआयला, १६ बिट टिफमध्ये स्कॅन केल्यात. लांब बाजू साधारण ४५०० पिक्सेल येते. वेबसाठी ती २००० वर आणून जेपेग केलं की आकाशातली ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) फार खरखरीत दिसते. शार्पनिंग आकार लहान केल्यावरच करते, तेही हलकं. मग आधी थोडं नॉइज रिडक्शन (दाणे मऊ करणं) द्यावं का? पण चेहरे मेणासारखे गुळगुळीत नकोत, फिल्म फिल्मसारखीच दिसायला हवी.

शिवाय इथल्या दमट हवेने काही पट्ट्यांवर बुरशीचे ठिपके आलेत. अशा कृष्णधवल, चांदीच्या फिल्मवर स्कॅनरची इन्फ्रारेड सफाई (डाग आपोआप काढणारी सोय) चालत नाही, तर स्कॅनमधले ठिपके हाताने काढण्याची सोपी पद्धत कुणी सांगेल का?