मदत हवी आहे: संभाव्यतेतलं ‘किंवा’ कसं समजावू?

मुलगी दहावीत आहे, इथे इंदूरला हिंदी माध्यमात. गणित घरी मराठीतून करतो. दोन नाण्यांत ‘कम से कम एक चित’ (निदान एक छापा) आता जमतं, चारही शक्यता लिहून 3/4 स्वतः काढते. ‘अधिक से अधिक एक’मध्ये शून्य छापेही येतात, हेही पटलं.

अडतं ‘किंवा’वर. एक फासा, सम किंवा 3 पेक्षा मोठी संख्या: 2, 4, 5, 6, म्हणजे 2/3. ती दोन्हींत बसणारे 4 आणि 6 वगळून 1/3 म्हणते, कारण ‘चहा किंवा कॉफी’त एकच घ्यायचं असतं. तिचं म्हणणं चुकीचं तरी कसं म्हणू? एकमेकांवर येणारी वर्तुळं (वेन आकृती) काढून झाली. नवीन गणितात पुन्हा तेच. नुसतं सूत्र पाठ करवायचं नाहीये. दोन्ही असलं तरी चालतं, असं ‘किंवा’ रोजच्या बोलण्यात कुठे येतं?