'ब्लेझिंग सॅडल्स'चा शेवट: कमाल की पळवाट?

खोडसाळ कावळा:
दिग्दर्शक मेल ब्रुक्सचा हा १९७४चा सिनेमा, म्हणजे वेस्टर्नची (काउबॉयपटांची) टिंगल, काल तिसऱ्यांदा पाहिला. रेल्वेच्या वाटेत दलदल लागते, म्हणून रूळ रॉक रिज गावातून न्यायचे ठरतात. गाव उठवायला अॅटर्नी जनरल हेडली लमार तिथे मुद्दाम काळा शेरीफ नेमतो. एकतर गोरे गावकरी त्याला मारतील, नाहीतर वैतागून गाव सोडतील, असा हिशेब. गव्हर्नर तर कागद न वाचताच सह्या ठोकतो. इंडियनांची दोन लाख एकर जमीन, मोबदला काय, तर दोरीला चेंडू बांधलेल्या फळ्यांची एक पेटी! मंत्रिमंडळ घसा खाकरून होकार भरतं. एक जण गप्प राहिला, तर त्याच्याकडून तो खाकरा वसूल केला जातो.

इतकं धारदार चाललेलं असताना शेवटची हाणामारी भिंत फोडून शेजारच्या संगीतपटाच्या सेटवर शिरते. मग स्टुडिओचं कँटीन, केकफेक, टॅक्सी. सत्तेची टिंगल राहिली बाजूला, गोष्ट गुंडाळता येईना म्हणून सेटच मोडला. माझ्या मते ही पळवाट आहे.

मावळतीची मैना:
कावळेबुवा, उलटं आहे. गावकऱ्यांनी रोखलेल्या बंदुका आठवा. तो काळा शेरीफ बार्ट स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावतो, स्वतःलाच ओलीस धरतो, आणि ही बावळट मंडळी घाबरून मागे सरतात. इतकं खोटं त्यांना खरं कुणी वाटायला लावलं? पडद्यावरच्या वेस्टर्ननेच ना? मग भिंत फुटायलाच हवी होती.

शिवाय बार्टची भूमिका सहलेखक आणि काळा विनोदवीर रिचर्ड प्रायर याने करावी, अशी ब्रुक्सची इच्छा होती. स्टुडिओने नकार दिला, म्हणून क्लीव्हन लिटल आला. (लिटल भारीच आहे, तो मुद्दा वेगळा.) काळ्या शेरीफला नाकं मुरडणारं गाव आणि प्रायरला नको म्हणणारं ऑफिस यात फरक किती?

खोडसाळ कावळा:
प्रायरचा मुद्दा मान्य. पण स्वतःच्याच भिंती फोडायला वॉर्नर स्टुडिओने पैसे दिले आणि तिकिटांचा गल्लाही त्यांनीच मोजला. मालकाला गुदगुल्या करणारी टिंगल ती!

आडगावचा फौजदार:
अहो, वगातला सोंगाड्या राजाला वेडंवाकडं बोलतो, तेव्हा सुपारी कोणाची असते हे आपण विचारतो का? मध्येच गोष्ट सोडून समोरच्या पाटलाची फिरकी घेतो, पुन्हा गोष्टीत येतो. आपल्याला ते पळवाट वाटत नाही. ब्रुक्सने केलं की वाटते?

खोडसाळ कावळा:
फौजदारसाहेब, सोंगाड्या परत येतो हो! इथे कोण परत येतं? लमार टॅक्सी करून सिनेमातूनच पळतो आणि थिएटरात शिरतो, तर तिथे हाच सिनेमा लागलेला!

शेवंता:
तुमचं शेवटावर भांडण चाललंय, माझं दुखणं वेगळंच. गाणारी लिली फॉन श्टुप, तिचं काम मॅडेलिन कानने असं केलंय की ऑस्करचं नामांकन मिळालं, पण ते पात्र म्हणजे जुनी नटी मार्लेना डीट्रिचची नक्कल आणि पलंगावरचे विनोद. बाकी कोणती बाई लक्षात राहिली, सांगा. मोठ्यांची टोपी उडवायची आणि बायकांना तसंच ठेवायचं.

हेडलीला सगळे 'हेडी' म्हणून चुकतात तो विनोदही तसलाच. खऱ्या हेडी लमारने, म्हणजे त्या नावाच्या हॉलिवूड नटीने, खटला भरला, कोर्टाबाहेर मिटवावं लागलं.

मावळतीची मैना:
शेवंताताई, बायकांचं पटलं, तिथे मी गप्प. पण त्या खटल्यात गंमत अशी, की सिनेमातच गव्हर्नर त्याला समजावतो: आत्ता १८७४ आहे, तूच तिच्यावर खटला भर!

आणि कावळेबुवा, कुणीच परत येत नाही म्हणता? बार्ट लमारला थिएटरच्या दारात गोळी घालतो आणि मित्राला घेऊन आत जातो, सिनेमा कसा संपतो ते बघायला. पुढच्या दृश्यात दोघे रॉक रिजमध्ये हजर.

खोडसाळ कावळा:
आले, आणि घोडे सोडून लिमोझिनमध्ये बसून गेले. त्या मित्राच्या, म्हणजे जीन वाइल्डरच्या, हातातला पॉपकॉर्नचा डबा अजून संपलेला नव्हता.